लेंडीतल्या अंड्यांची मोजदाद

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सिन्नर-येवल्याच्या कमी पावसाच्या माळांवर, धनगराचा कळप ज्याच्या शेतात रात्रभर वाघुरीत बसतो, तो शेतकरी त्या लेंडीखतापोटी धान्य किंवा रोकड आनंदाने मोजतो. त्याच लेंडीत मेंढीच्या पोटातील जंतांचाही हिशेब असतो. तो उलगडण्याची विद्या मात्र आपल्या मुलखात फार दुरून आली.

तिचा उगम माणसाच्या व्याधीत आहे. अंकुशकृमींनी रक्तक्षीण झालेल्या मजुरांच्या आतड्यांत कृमींचा भार किती, हे अदमासाने नव्हे तर आकड्याने ठरविण्याची निकड पडली, तेव्हा नॉर्मन स्टोल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1923 साली अशी रीत बसविली की, 3 ग्रॅम विष्ठा सौम्य क्षारात कालवून मिश्रण 45 मिलिलिटर करावे, त्यातील 0.15 मिलिलिटर काचपट्टीवर घेऊन अंडी मोजावीत आणि तो आकडा शंभराने गुणावा. मेंढ्यांच्या देशाने ही कल्पना उचलली. फ्रेडरिक मॅकमास्टर या मेंढपाळ धनिकाच्या देणगीतून सिडनी विद्यापीठाच्या आवारात 1931 साली उघडलेल्या प्रयोगशाळेत गॉर्डन व व्हिटलॉक यांनी 1939 साली जी दोन कप्प्यांची काचपट्टी सिद्ध केली, ती त्या दात्याच्याच नावाने जगभर ओळखली जाते.

तिची युक्ती पाहण्याजोगी आहे. हल्लीच्या प्रघाताप्रमाणे 3 ग्रॅम लेंडी 42 मिलिलिटर पाण्यात कुस्करून गाळतात, गाळलेल्या पाण्यातला साका वेगळा करून तो मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळतात आणि काचपट्टीचे दोन्ही कप्पे भरतात. कप्प्याची खोली दीड मिलिमीटर, वरच्या काचेवर एक सेंटिमीटर चौरसाची रेघारेघांची चौकट; म्हणजे स्टोलचे तेच 0.15 मिलिलिटर. थोडा वेळ जाऊ दिला की गवताचा चोथा खाली बसतो, आणि मिठाच्या पाण्याहून हलकी असलेली अंडी वर येऊन त्या चौकटीखाली चिकटतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली रेघ धरून मोजायचे, आणि दोन्ही कप्प्यांची बेरीज पन्नासाने गुणायची. यकृतातील पर्णकृमींची अंडी मात्र जड असल्याने या पाण्यात तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी साका बसवूनच पाहावे लागते.

दख्खनच्या कळपांचा मोठा वैरी हिमॉन्कस हा चौथ्या जठरात राहून रक्त शोषणारा जंत. त्याची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, पावसाळ्याच्या ओलीत त्यांतील अळ्या गवतावर चढतात, आणि पापणीची आतली कड पांढरी पडून जबड्याखाली पाणी उतरले की मेंढपाळाला संकट दिसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या सहकार्याने दख्खनी, बन्नूर व गारोळ-संकरित मेंढ्यांची जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती पारखली, ती लेंडीतील अंडी मोजूनच; सिडनीची विद्या महाराष्ट्राच्या मेंढीपाशी पोचली ती अशी.

अँडीज पर्वतातून जगभर गेलेल्या अल्पाकाच्या बाबतीत हीच काचपट्टी अपुरी पडते. तो प्राणी ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो आणि त्याच्या लेंडीत अंडी बहुधा विरळ असतात. एका अंड्याची किंमत पन्नास धरणारी रीत तिथे सहज चुकते. म्हणून त्याच्यासाठी साखरेच्या दाट पाण्यात, यंत्राने गरगर फिरवून अंडी वर आणणारी सुधारलेली पद्धत वापरतात, आणि तिला पुन्हा स्टोलचेच नाव आहे.

आपल्याकडे पावसाळ्याच्या मागेपुढे सरसकट साऱ्या कळपाला औषध पाजण्याचा रिवाज आहे. माझ्या मते तो बदलला पाहिजे, कारण वारंवार पाजलेल्या औषधाला जे जंत पुरून उरतात त्यांचीच पैदास वाढते. औषधापूर्वी एकदा आणि नंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लेंडी तपासावी. अंडी शेकडा 95 तरी घटली नसतील, तर त्या कळपात ते औषध पूर्वीसारखे लागू पडत नाही असे समजून पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसरे निवडावे.