वेबवर्क

महाविद्यालयीन गणिताचा गृहपाठ आंतरजालावर देणारी व लगेच तपासणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज व आर्नल्ड पायझर या गणिताच्या प्राध्यापकांनी ती घडवली आणि १९९६ पासून ती तिथल्या वर्गांत वापरात आली. पुढे नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अनुदान व मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकेचे पाठबळ मिळून ती शेकडो महाविद्यालयांत पोहोचली.

उदाहरण सर्वांना एकच, पण प्रत्येकाचे आकडे वेगळे. त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर उतरवून भागत नाही, रीत मात्र एकमेकांना विचारता येते. प्रणालीचे खरे कसब तपासणीत आहे. (क्ष + १)² लिहा किंवा क्ष² + २क्ष + १ लिहा, दोन्ही बरोबर धरली जातात, कारण संगणक अक्षरे जुळवत बसत नाही. चलाला यदृच्छ किमती देऊन विद्यार्थ्याच्या उत्तराची व बरोबर उत्तराची मूल्ये ताडून पाहतो. चूक तत्काळ कळते आणि शिक्षकाने मुभा दिली असेल तितक्या वेळा उदाहरण पुन्हा सोडवता येते. वह्या तपासून परत मिळेपर्यंत चूक विसरूनही गेलेली असते, हे ज्याने शिकवले आहे त्याला या तत्परतेचे मोल पटेल.

पिअर्सनची मायलॅब मॅथ (पूर्वीची मायमॅथलॅब) किंवा सेंगेजकडची वेबअसाइन या व्यावसायिक प्रणालीही असेच काम करतात. फरक मालकीचा आहे. तिथे विद्यार्थ्याला मुदतीचा अ‍ॅक्सेस कोड घ्यावा लागतो. तो दुसऱ्याला देता येत नाही. पाठ्यपुस्तक जुन्या बाजारातून स्वस्तात मिळवले, तरी गृहपाठ जमा करण्यासाठी पैसे मोजावेच लागतात, आणि हे अन्यायाचे आहे. वेबवर्क कोणतीही संस्था स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसवू शकते. उदाहरणे पर्ल या संगणकभाषेवर आधारलेल्या ‘पीजी’ या भाषेत लिहिलेली असतात व ती शिक्षकाला उघडून बदलता येतात. शिक्षकांनी रचलेल्या अशा ३०,००० हून अधिक उदाहरणांचा ‘ओपन प्रॉब्लेम लायब्ररी’ हा सामायिक संग्रह आहे.

सर्व्हर सांभाळायला जाणकार माणूस लागतो, ही मोठी अडचण. तो नसेल तिथे डेव्हिड लिपमन यांनी उभारलेली मायओपनमॅथ ही विनामूल्य सेवा सोयीची पडते. उत्तर नेमके कुठे बिघडले हे सांगण्यात क्रिस सँगविन यांची स्टॅक ही प्रणाली सरस आहे. २००४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेली ही प्रणाली मॅक्सिमा या बीजगणिती आज्ञावलीच्या आधारे उत्तर पारखते, अंशतः गुण देते आणि मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या व्यवस्थेला जोडून वापरता येते.