सागरी विद्यापीठाचे ग्रंथालय, करावे

नवी मुंबईत नेरूळ आणि सीवूड्स यांच्यामध्ये, पाम बीच मार्गालगत करावे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था याच गावच्या हद्दीत, खाडीच्या बाजूला आहे. आज ती भारतीय सागरी विद्यापीठाचा नवी मुंबई परिसर आहे. संसदेच्या २००८ च्या कायद्याने हे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय चेन्नईला आहे. शेजारच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात आणि पक्षिनिरीक्षक त्या पाणथळीलाही ‘चाणक्य’ म्हणूनच ओळखतात. सागरी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कोणती कामे करावी लागतात आणि इतर विद्यापीठांच्या ग्रंथालयांहून ते कोठे वेगळे पडते, याचा विचार या नोंदीत केला आहे.

‘टी. एस.’ म्हणजे ट्रेनिंग शिप. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण देशातच मिळावे, यासाठी १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये हे शिक्षण जहाजावरून किनाऱ्यावर, करावे येथे आले. नावातले ‘टी. एस.’ मात्र तसेच राहिले. जमिनीवर आल्याने पुस्तकांना जागा मिळाली, वाचनकक्ष मिळाला. येथे नौकानयनशास्त्राचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. दोन्हींनंतर विद्यार्थी शिकाऊ म्हणून जहाजावर जातो, तेथील कालावधी पूर्ण करतो आणि मग ‘सेकंड मेट’ या अधिकारीपदाची परीक्षा देतो. त्यामुळे या ग्रंथालयाच्या वाचकाचे शिक्षण काही वर्गात आणि काही पाण्यावर होते. ग्रंथालयाच्या सेवांची आखणी या वस्तुस्थितीवरूनच करावी लागते.

विद्यापीठ ग्रंथालय म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे राजाबाई मनोऱ्याची इमारत येते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि १८७८ मध्ये पूर्ण झाली. तेथे जुनी पोथी, दुर्मीळ आवृत्ती, पहिली छपाई यांचे मोल मोठे. सागरी विद्यापीठात पहिला प्रश्न उलट दिशेने येतो : हातातले पुस्तक आजच्या तारखेला खरे आहे काय? वाळूचा दांडा सरकतो, बोया हलवला जातो, दीपगृहाचा प्रकाश बदलतो, नवे बुडीत जहाज तळाशी पडते. कालचा नकाशा आज धोक्याचा ठरतो. सागरी जीवित सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात (सोलास) जहाजावरचे नकाशे आणि नौकानयनविषयक प्रकाशने पुरेशी व अद्ययावत असावीत, असा स्पष्ट नियमच आहे. ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीच्या ‘नाविकांसाठी सूचना’ दर आठवड्याला निघतात, तर डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाच्या सूचना पंधरवड्याला. त्या वाचून किरमिजी शाईने नकाशात दुरुस्ती करायची आणि दुरुस्तीचा क्रमांक समासात नोंदवायचा, हा नाविक अधिकाऱ्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. हा धडा ज्या ग्रंथालयात द्यायचा, तेथील नकाशे आणि मार्गदर्शिका वर्षानुवर्षे तशाच पडून असतील, तर विद्यार्थी निष्काळजीपणाच शिकेल.

नियमांचेही तसेच आहे. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या ‘मार्पोल’ करारानुसार १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. त्याआधीचे पाठ्यपुस्तक कितीही चांगले असले, तरी या एका आकड्यापुरते ते चूक शिकवते. नाविकांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा करार (एस.टी.सी.डब्ल्यू.) २०१० मध्ये मनिला येथे मोठ्या प्रमाणावर सुधारला गेला आणि त्या सुधारणा २०१२ पासून लागू झाल्या. म्हणून येथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या प्रकाशनांची नवी आवृत्ती वेळेवर मागवणे, जुनीवर ‘रद्द’ असा शिक्का मारणे आणि ती वेगळ्या कपाटात हलवणे हे ग्रंथपालाचे मुख्य काम ठरते.

जुनी आवृत्ती रद्दीत मात्र घालायची नाही. २०२५ मध्ये संसदेने व्यापारी जहाजवाहतुकीचा १९५८ चा कायदा, सागरी मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा आणि भरणपत्रांविषयीचा १८५६ चा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे संमत केले. यांपैकी शेवटचा मुंबई विद्यापीठाहूनही एका वर्षाने जुना होता. या जुन्या कायद्यांखाली झालेले करार आणि न्यायालयांचे निवाडे एका दिवसात पुसले जात नाहीत. सागरी कायद्याच्या संशोधकाला दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावे लागतात. रोजच्या वापराचे शेल्फ कोरेकरकरीत ठेवायचे आणि मागच्या दालनात प्रत्येक जुना पाठ जपायचा, अशी दुहेरी जबाबदारी इतर विद्याशाखांच्या ग्रंथालयांवर इतक्या तीव्रतेने क्वचितच येते.

नेहमीच्या सेवांबद्दल थोडक्यात. मुक्तप्रवेश, देवघेव, संगणकीय तालिका, राखीव पाठ्यपुस्तके, नियतकालिके आणि अभ्यासिका या आता कोणत्याही विद्यापीठ ग्रंथालयात गृहीत धरल्या जातात. ‘कोहा’सारख्या मुक्त संगणकप्रणालीमुळे लहान ग्रंथालयांनाही तालिका ऑनलाइन ठेवता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने देशभरची विद्यापीठे एकमेकांना जोडली. प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांना खुले झाले आणि वाङ्मयचौर्य तपासण्याच्या प्रणाली संशोधकांच्या हाती आल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. तिच्यामुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना मिळू लागली. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या वर्गणीपायी ज्यांचे अंदाजपत्रक कोलमडत असे, त्या ग्रंथालयांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सागरी शिक्षणाची गरज मात्र तेवढ्याने भागत नाही. नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टके, दीपसूची आणि नियमसंहिता यांतले बरेच साहित्य विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या कक्षेबाहेर राहते. ते स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते आणि महाग पडते.

खरे कौशल्य लागते ते संदर्भसेवेत. ड्यूई दशांश वर्गीकरणात नौकानयन ६२३.८९ मध्ये, जहाजवाहतुकीचा व्यापार ३८७ मध्ये, हवामान ५५१.५ मध्ये, सागरविज्ञान ५५१.४६ मध्ये आणि वाहतुकीचा कायदा ३४३ मध्ये जातो. समुद्रावर हे सारे एकाच क्षणी एकत्र येते, शेल्फांवर मात्र ते चार कोपऱ्यांत विखुरलेले असते. ७ ऑगस्ट २०१० ची घटना घ्यावी. न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेले ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची मुंबईजवळ टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले, जहाजांची ये-जा काही दिवस थांबली. या अपघातावर निबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला बंदराच्या प्रवेशमार्गाचा नकाशा लागतो. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील अरुंद जलमार्गाचा नियम लागतो, बंदरात जहाजांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या केंद्राची कार्यपद्धती लागते. तेलगळतीच्या नुकसानभरपाईचे करार लागतात, खाडीतील खारफुटीवर तेलाचा परिणाम सांगणारे अभ्यास लागतात आणि त्या आठवड्याची मुंबईची वर्तमानपत्रेही लागतात. यांतली एकेक गोष्ट विद्यार्थ्याला सापडेलही. पण यांतले काय शोधायचे राहिले, हे त्याला कळत नाही. ते सांगणारा ग्रंथपाल हीच विद्यापीठ ग्रंथालयाची सर्वांत मोलाची सेवा होय. शोधयंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, तर चांगला ग्रंथपाल न विचारलेला प्रश्न पुढे ठेवतो. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्थान आहे. तो असा वाचतो.

कागदी नकाशाचे काय होणार, हा या ग्रंथालयांपुढचा आजचा प्रश्न आहे. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रॉनिक नकाशाप्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ब्रिटिश जलालेखन कार्यालयाने कागदी नकाशे २०२६ पर्यंत थांबवण्याचा मनोदय जाहीर केला होता, पण नंतर ही मुदत किमान २०३० पर्यंत लांबवली. काही जण म्हणतात, मग नकाशांच्या रुंद खणांची कपाटे आता काढून टाका. हे मत पटण्यासारखे नाही. पडद्यावरचा नकाशा जवळ घेतला की आजूबाजूचा भाग नाहीसा होतो. संपूर्ण बंदर, त्याचे प्रवेशमार्ग, खोली आणि तळ एका नजरेत धरण्याची सवय टेबलभर पसरलेल्या कागदावरच लागते. प्रशिक्षणासाठी तरी कागदी संच राखलाच पाहिजे.

विद्यार्थी जहाजावर गेला की ग्रंथालयाशी त्याचे नाते सहसा तुटते. हे नाते टिकवण्याचे साधन आता हाताशी आले आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारात (२००६) जहाजावरच्या सोयींच्या मार्गदर्शक सूचना आहेत. व्यावसायिक आणि इतर पुस्तकांचे ग्रंथालय जहाजावर असावे, साठा सफरीला पुरेल इतका असावा आणि तो ठरावीक काळाने बदलावा, असे त्यांत म्हटले आहे. याच करारातील डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेत, शक्य तेथे जहाजमालकांनी खलाशांना इंटरनेट द्यावे, असे म्हटले आहे. म्हणजे शिकाऊ विद्यार्थ्याला जहाजावरूनही विद्यापीठाच्या ई-संग्रहात शिरता येणे तत्त्वतः शक्य आहे. त्यासाठी त्याचे वाचक-खाते अभ्यासक्रमाचा वर्गातला भाग संपताच बंद न करता परीक्षेपर्यंत चालू ठेवले पाहिजे. जहाजावर जोडणी मंद असते. म्हणून हलक्या, उतरवून ठेवता येणाऱ्या प्रती दिल्या पाहिजेत आणि ई-मेलने आलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस नेमला पाहिजे. यात तंत्रज्ञानाची अडचण मोठी नाही, प्रश्न प्रशासकीय निर्णयाचा आहे.

आणखी एक काम बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांनी हाती घेतलेले नाही, आणि करावे येथे ते सर्वांत सहज होण्यासारखे आहे. करावे, सारसोळे, दारावे, दिवाळे या गावांतील कोळ्यांना खाडीचे ज्ञान पिढ्यांपासून आहे : उधाणाची आणि भांगाची भरती, डोलजाळे कोठे व केव्हा लावायचे, कोणत्या वाऱ्याला होडी काढायची नाही, गाळ कोठे साचत गेला. नवी मुंबईच्या भरावांनी आणि पुलांनी खाडी बदलली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. बदलापूर्वीची खाडी आता म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहे आणि खाडीत होडी घालणारे हात कमी होत आहेत. भरती-ओहोटीची छापील कोष्टके आणि कोळ्यांची तिथीवरची गणना शेजारी ठेवून अभ्यासणे हे सागरी विद्यापीठाला शोभणारे संशोधन आहे. त्याची सुरुवात ग्रंथालयाने मराठीत, आगरी-कोळी बोलीत मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्यांना तारखा व ठिकाणे जोडून आणि तालिकेत नोंदवून करावी. गावातल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस वाचनकक्ष उघडा ठेवावा. वर्दी, कवायत आणि सुरक्षा यांमुळे असा परिसर बाहेरच्यांना बंद असणे समजण्याजोगे आहे. पण ओळखपत्रावर दिलेल्या काही तासांच्या प्रवेशाने शिस्त बिघडत नाही. गावातल्या जाणत्यांची वये लक्षात घेता, ध्वनिमुद्रणाचे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.