डेक्कन कॉलेजांतील दोन विद्यार्थी

मुलगा कॉलेजांत गेला कीं घरांतील वडील माणसें पहिली चौकशी गुणांची करतात. आणि त्यांत त्यांचें फार चुकतें असेंहि नाहीं. फीचे पैसे त्यांनींच भरलेले असतात. परंतु परीक्षेच्या कागदावर कधींच न उतरणारें असें त्या वर्षांत काय घडूं शकतें, हें पाहावयाचें तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १८७३ ते १८८० या काळांत शिकून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांकडे पाहावें. एकाचें नांव बळवंत गंगाधर टिळक, दुसऱ्याचें गोपाळ गणेश आगरकर. दोघांचाहि जन्म १८५६ च्या जुलै महिन्यांतला. वयांत अंतर अवघें नऊ दिवसांचें. बाकी मात्र साम्य थोडेंच.

हें कॉलेज म्हणजे पेशवाई गेल्यावर १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेल्या संस्कृत पाठशाळेचें वाढलेलें रूप. १८६८ सालीं तें शहर सोडून नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूस, नव्या दगडी इमारतींत गेलें. विद्यार्थी तेथेंच खोल्या घेऊन राहत. या राहण्याला मोठें महत्त्व आहे. वाड्यांत राहणाऱ्या मुलावर दिवे लागल्यापासून घराचा अंमल चाले. येथें दिवे लागल्यावर खरी मोकळीक सुरू होई. तिचें काय करावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

टिळकांनीं १८७३ सालीं जें ठरविलें तें आजच्या कोणत्याहि बापाला रुचणार नाहीं. वडील गंगाधरपंत आदल्याच वर्षीं वारले होते, पदरीं थोडीशी पुंजी होती, आणि प्रकृति अगदीं तोळामासा. कॉलेजचें पहिलें वर्ष त्यांनीं तालमींत आणि नदींत घालविलें. दंड, जोर, कुस्ती, पोहणें आणि त्यावर भरपूर आहार, हाच त्या वर्षाचा अभ्यासक्रम. परीक्षेच्या दृष्टीनें वर्ष वायां गेलें. औषधांच्या बाटल्यांवर जगणाऱ्या नाजूक सोबत्यांच्या खोल्यांत शिरून हा गडी त्या बाटल्या बाहेर फेकून देई, अशी आठवण पुढें त्यांचे मित्र सांगत. बोलण्यांतील फटकळपणामुळें मित्रांनीं त्यांस ‘मिस्टर ब्लंट’ हें नांव ठेविलें होतें. पुढें प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांच्या हाताखालीं गणिताचा अभ्यास करून ते बी. ए. ला पहिल्या वर्गांत आले. एम. ए. मात्र त्यांना साधलें नाहीं. १८७९ सालीं ते एल्‌एल्. बी. झाले, आणि त्या अभ्यासांतहि नेमलेल्या इंग्रजी पुस्तकांवर न थांबतां त्यांनीं हिंदु धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ चाळले. परीक्षकानें जेवढें मागितलें तेवढेंच द्यावें, हा स्वभावच नव्हता.

आगरकरांची गोष्ट निराळी. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवच्या गरीब घरांतला हा मुलगा. कचेरींतील उमेदवारी, दवाखान्यांतील औषधें कालविण्याचें काम, असें मिळेल तें करीत आणि नातलगांच्या आश्रयानें शिकत तो अकोल्यास पोंचला. तेथें विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुणज्ञ शिक्षक त्याला लाभले. १८७५ सालीं मॅट्रिक होऊन तो पुण्यास आला, तेव्हां त्या शिक्षकांनीं जमवून दिलेली थोडकी रक्कम हीच त्याची शिदोरी होती. एकच सदरा रात्रीं धुवावयाचा, वाळत घालावयाचा आणि सकाळीं तोच अंगांत चढवावयाचा, ही आगरकरांची गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. थोरांच्या दारिद्र्यावर मागाहून पुष्कळ साखर पेरली जाते खरी. पण दम्याच्या विकारानें पोखरलेल्या त्या शरीराला ओल्या सदऱ्यांत काय गोडी वाटली असेल, हें ज्याचें त्यानें ताडावें. फीची भ्रांत पडली असतां नाटक लिहून पैसे मिळविण्याचा विचार त्यांच्या मनांत आला. तो छत्रे यांच्या कानीं गेला व त्यांनीं मदत केली. टिळकांना गणित शिकविणारा आणि आगरकरांचा अभ्यास खंडूं न देणारा हात एकच होता.

१८७८ सालीं आगरकर बी. ए. झाले आणि एम. ए. साठीं इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन बसले. मिल्ल आणि स्पेन्सर हे त्यांचे गुरु झाले. टिळक तेव्हां कायद्याच्या अभ्यासासाठीं तेथेंच होते. या दोघांची खरी गांठ पडली ती आतां. १८७९ सालीं कॉलेजच्या आवारांत, नदीकांठीं, खोलींतील दिव्यापाशीं त्यांचे वाद चालत. आधीं समाज सुधारावा कीं आधीं राज्यकर्त्यांशीं झगडावें, यावर त्यांचें जुळलें नाहीं. पण देशांत जें कांहीं व्हावयाचें तें शिक्षणावांचून होणार नाहीं, यावर जुळलें. मग सरकारी नोकरी करावयाची नाहीं, स्वतःची शाळा काढावयाची, आणि पोटापुरतें घेऊन तींत आयुष्य घालावयाचें, असा निश्चय ठरला. त्या काळीं पदवीधराला मामलत किंवा मुन्सफी दूर नव्हती. आगरकरांच्या आईचा डोळा मुलाच्या मोठ्या पगाराकडे लागलेला. तिला त्यांनीं पत्रानें स्पष्ट कळविलें कीं सुखाची आशा धरूं नये, आपण थोडक्यांत संतोष मानून उरलेला वेळ लोकांसाठीं खर्च करणार आहों. या मनोराज्यावर कॉलेजांतील मंडळी हंसली असल्यास नवल नाहीं.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आलेच होते. १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. आगरकर एम. ए. होऊन पाठोपाठ आले. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले, १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत दोघेहि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस राहून आले, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज झालें. हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे.

दोघांचें पुढें बिनसलें, हेंहि परिचयाचें आहे. परंतु कोणत्या प्रश्नावर बिनसलें तें नीट पाहिलें जात नाहीं. सुधारणेचा वाद होताच; त्यापायीं आगरकरांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला व १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीच्या आंत जें भांडण पेटलें तें पगारवाढीचें आणि बाहेरच्या मिळकतीचें होतें. पोटापुरतेंच घ्यावयाचें, हा कॉलेजांतला करार टिळकांनीं अक्षरशः धरला. आगरकरांच्या घरीं संसार वाढलेला, अंगीं दमा. पोटापुरतें म्हणजे किती, याचा हिशेब तोंवर बदलला होता. वडिलांची पुंजी पाठीशीं असलेल्यानें एका सदऱ्यावर दिवस काढलेल्याला त्यागाचा नियम दाखवावा, यांत न्याय होता कीं कठोरपणा? नियम टिळकांच्या बाजूला होता, माणुसकी बहुधा आगरकरांच्या. १८९० सालीं टिळकांनीं संस्थेचा राजीनामा दिला. त्या लांबलचक लेखांत मूळ तत्त्वाचाच सारा झगडा आहे.

आगरकर १८९२ सालीं फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले आणि १७ जून १८९५ रोजीं वारले. वयाचीं एकोणचाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. अनेक वर्षें ज्यांच्यावर ‘केसरीं’तून कडक टीका झाली त्यांचा मृत्युलेख त्याच ‘केसरीं’त टिळकांनीं लिहिला.