मुक्ती मिशन, केडगाव
पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे दुष्काळपीडित स्त्री-मुलींच्या आश्रयातून वाढलेली ख्रिस्ती संस्था व मंडळी. संस्थापक पंडिता रमाबाई (१८५८–१९२२, पहा : रमाबाई, पंडिता). १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे या मुलींना पुण्याच्या शारदा सदनात (पहा) ठेवणे अवघड झाल्याने केडगावच्या शेतजमिनीवर निवारे उभारले. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील मुलींची भर पडली. सामुदायिक प्रार्थना व बायबलवाचनासोबत शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण असे. श्रद्धा आणि स्वावलंबन येथे वेगळे काढता येत नाहीत. १९०५ मध्ये मोठे आध्यात्मिक पुनरुज्जीवन घडले (पहा : पेंटेकोस्टल चळवळ), मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता सांगू लागले. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल येथील मुद्रणालयात छापून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.