रेडिएशननंतर लघवीतून रक्त : स्टेम सेलने मूत्राशय बरे होते का?

यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मेच्या उन्हात लघवीला जळजळ झाली, की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्या-जिऱ्याचे पाणी देतात. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. पण एखाद्या बाईने चार-पाच वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी नागपूरला किंवा सेवाग्रामला राहून रेडिएशन घेतलेले असते. तिला दर अर्ध्या तासाला लघवीला जावे लागू लागले आणि एक दिवस लघवी लाल झाली, तर ती उन्हाळी नसण्याचीच शक्यता जास्त. कॅन्सर परत आला, या भीतीने सगळे घर हादरते. अनेकदा तसे नसते. कॅन्सर मारण्यासाठी दिलेल्या किरणांनी शेजारच्या मूत्राशयाला केलेली इजा उशिराने वर आलेली असते. डॉक्टर तिला ‘रेडिएशन सिस्टायटिस’ म्हणतात.

मग घरातले कोणीतरी मोबाइलवर शोध घेते आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती दिसू लागतात. ऑपरेशन नाही, स्वतःच्याच पेशी, अवयव पुन्हा नवा, असे त्यांत सांगितलेले असते. यात खरे किती आहे?

किरणांनी नेमके काय बिघडते?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये साधारण पाच आठवड्यांत २५ वेळा बाहेरून रेडिएशन देतात. रुग्ण त्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. ही मात्रा ४५ ते ५० ग्रे असते. त्यानंतर ब्रॅकिथेरपी होते, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत योनिमार्गातून गाठीच्या अगदी जवळ नेला जातो. हे उपचार चांगले आहेत. गाठ पसरलेली असली तरी त्यांनी अनेक बायका बऱ्या होतात. अडचण जागेची आहे. गर्भाशयमुखाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय, मध्ये बोटभरही अंतर नाही. पुरुषांत प्रोस्टेटच्या रेडिएशनमध्येही हेच शेजारी सापडतात.

किरणांमुळे मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते आणि त्या हळूहळू आतून बंद होत जातात. रक्त कमी म्हणून ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन कमी म्हणून जखम भरत नाही. मऊ, ताणल्या जाणाऱ्या भिंतीच्या जागी चामट तंतू तयार होतात. मूत्राशयात एरवी ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, ते आकसून त्याच्या अंशावर येऊ शकते. राहिलेल्या भागात कमकुवत, फुगलेल्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या सहज फुटतात. रक्त येते ते त्यांतून. हे सगळे सावकाश चालते. उपचारानंतर सहा महिन्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, तसा वीस वर्षांनीही. म्हणूनच गावातल्या डॉक्टरला जुन्या रेडिएशनबद्दल कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. मूतखडा किंवा जंतुसंसर्ग समजून औषधांचे कोर्सवर कोर्स होतात.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला दर अर्ध्या तासाला आडोसा शोधावा लागणे म्हणजे काय, हे कोणत्याही रिपोर्टात लिहिलेले नसते. ती पाणी पिणे कमी करते, आणि त्याने त्रास वाढतो.

स्टेम सेलची कल्पना कुठून आली?

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. यांतला ‘मेसेन्कायमल’ नावाचा प्रकार हाडांच्या मगजात, चरबीत आणि नाळेत मिळतो. आधी वाटत होते, की या पेशी जखमेच्या जागी जाऊन तिथल्याच पेशी बनतात. पुढे दिसले, की टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत नाहीशा होतात. त्यांचा परिणाम मुख्यतः त्या सोडत असलेल्या रसायनांचा असतो. ही रसायने सूज उतरवतात, तंतू तयार होणे रोखतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. रेडिएशनने बिघडते तेही नेमके हेच, त्यामुळे कल्पना ओढूनताणून आणलेली नाही.

जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये रेडिएशनने इजा झालेल्या उंदरांच्या मूत्राशयात हाडाच्या मगजापासून मिळवलेल्या पेशी टोचल्या. त्यांना भिंतीत नवे स्नायू आणि चेतातंतू दिसले, मूत्राशयाचे कामही सुधारले. अर्थात उंदरांत.

माणसांतला अनुभव थोडा आहे आणि तोही आजूबाजूचा. फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या रुग्णालयात २००४-०५ मध्ये सॉफ्टवेअर वापरण्यातल्या चुकीने प्रोस्टेटच्या रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त रेडिएशन दिले गेले. त्यांच्यापैकी चौघांना, दुसरा इलाज उरला नव्हता म्हणून, मेसेन्कायमल पेशी देण्यात आल्या. रक्तस्राव आणि वेदना कमी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. पण तिथे मुख्य इजा गुदाशयाची होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मूत्राशयातून रक्त जाणाऱ्या सात रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पाच जणांचे रक्त थांबले. मात्र त्या रक्तस्रावाचे कारण वेगळे होते आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. सोलमध्ये भ्रूणाच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या पेशी तीन स्त्रियांच्या मूत्राशयात टोचण्यात आल्या. त्यांना इंटरस्टिशियल सिस्टायटिस हा दुखरा आजार होता. तीन रुग्णांवरून कळते ते एवढेच, की पुढे जायला हरकत नाही.

रेडिएशनने बिघडलेले मूत्राशय स्टेम सेलने बरे होते, हे पुरेशा रुग्णांवर, दुसऱ्या गटाशी तुलना करून कोणीही सिद्ध केलेले नाही.

अशा बातम्यांचे पुढे काय होऊ शकते, याचे एक उदाहरण याच अवयवाचे आहे. अमेरिकेतले डॉ. अँथनी अटाला यांनी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सात मुलांची हकीकत मांडली. त्यांच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून मूत्राशयाचा भाग तयार केला आणि बसवला होता. (त्या मूळ पेशी नव्हत्या, मूत्राशयाच्याच साध्या पेशी होत्या.) जगभर मथळे झाले. त्याच मार्गाची पुढची चाचणी दहा मुलांवर झाली आणि तिचा निकाल २०१४ मध्ये आला. मूत्राशय सुधारले नाही आणि गंभीर दुष्परिणाम मान्य मर्यादेपेक्षा जास्त निघाले. पहिली बातमी आजही फिरते, दुसरी फारशी कोणी वाचलेली नाही.

कॅन्सर होऊन गेलेल्या माणसात आणखी एक भीती

नव्या रक्तवाहिन्या फुटवणे आणि शरीराची प्रतिकारशक्ती शांत करणे या दोन गुणांमुळे या पेशी मूत्राशयाच्या उपयोगाच्या वाटतात. कॅन्सरच्या गाठीलाही नेमके हेच दोन गुण हवे असतात. रेडिएशन झालेल्या जागी कॅन्सरच्या काही पेशी दबा धरून राहिल्या असतील, तर ही मदत त्यांनाही मिळू शकते. प्रयोगशाळेतले निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. काहींत गाठ वाढली, काहींत दबली. म्हणून हा प्रश्न चाचणीत, काटेकोर तपासण्यांखाली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करूनच सुटू शकतो. गुडघ्यासाठी स्टेम सेल घेणाऱ्या माणसापेक्षा कॅन्सरमधून उठलेल्या बाईचा धोका वेगळा आहे, हे जाहिरातीत येत नाही.

यातूनच ‘पेशी नकोत, त्यांनी सोडलेले तेवढे घ्या’ हा विचार आला. पेशी ज्या सूक्ष्म पिशव्यांतून आपली रसायने बाहेर पाठवतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्या साठवायला सोप्या आहेत आणि शरीरात वाढत नाहीत. संशोधन म्हणून ही दिशा चांगली आहे. केस आणि त्वचेसाठी एक्सोसोम सर्रास विकले जात असले, तरी अमेरिकेच्या एफडीएने कोणत्याही आजारासाठी अशा एकाही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे अस्थिमज्जा किंवा रक्तातील मूळ पेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार. बाकी सर्व आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करायचा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार प्रक्रिया करून बनवलेले स्टेम सेल उत्पादन हे ‘नवीन औषध’ ठरते. त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. ही वाट बंद नाही. बंगळुरूच्या एका कंपनीच्या मेसेन्कायमल पेशींना चाचण्यांनंतर पायाच्या रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजारासाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता मिळाली आहे. मूत्राशयासाठी तशी मान्यता नाही.

काही क्लिनिक म्हणतात, ‘तुमचीच चरबी काढून, फारशी प्रक्रिया न करता परत देतो, म्हणून आम्हाला हे नियम लागू नाहीत.’ २०१९ च्या नियमांतल्या व्याख्येचा हा आडोसा आहे. २०१७ ची तत्त्वे असा वापरही चाचणीबाहेर मान्य करत नाहीत.

कोणी चाचणी चालू असल्याचे सांगितले, तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला तिचा क्रमांक मागावा. २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची नोंद तिथे आधी करावी लागते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. क्रमांक असला म्हणजे उपचार सिद्ध झाला, असे मात्र नव्हे. क्रमांक आहे आणि वर दोन-तीन लाखांचे पॅकेजही आहे, असे असेल तर तिथून उठावे. कापसाचे चुकारे किंवा शेताचा तुकडा यात घालवण्यासारखे अजून काही हाती नाही.

मग आज करायचे काय?

लघवीतून रक्त आले, तर आधी मूत्रविकार तज्ज्ञाला दाखवून लघवीची तपासणी आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे. जंतुसंसर्ग आणि नवा कॅन्सर या दोन गोष्टी नाहीत, याची खात्री तिथेच होते. रेडिएशन झालेल्या भिंतीतून विनाकारण तुकडा काढू नये, कारण ती जखम भरता भरत नाही. म्हणून डॉक्टरला जुने रेडिएशन माहीत असणे फार महत्त्वाचे.

रक्त थोडे असेल तर भरपूर पाणी, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचा डॉक्टरांकडून फेरविचार. गुठळ्यांनी लघवी अडली, तर ती तातडीची वेळ आहे. जाड नळी घालून मूत्राशय धुतात, फुटलेली रक्तवाहिनी दुर्बिणीतून जाळतात, तुरटीच्या द्रावणाने धुण्याचाही उपाय आहे. हो, घरातलीच तुरटी, पण निर्जंतुक द्रावण आणि तेही रुग्णालयातच. अगदी शेवटी लघवीचा मार्ग बदलण्याची किंवा मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया.

स्टेम सेलपेक्षा बराच पुढे गेलेला एक उपचार म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन. रुग्ण बंद कक्षात जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतो, दिवसाला साधारण दीड तास, अशी ३० ते ४० सत्रे. नॉर्डिक देशांतल्या पाच रुग्णालयांनी ८७ रुग्णांवर त्याची तुलनात्मक चाचणी केली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या निकालात या गटाचा लघवीचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला दिसला. डोळे आणि कानांचा तात्पुरता त्रास काहींना झाला. चाचणीत खोटा कक्ष वापरलेला नव्हता, हे तिचे उणे. यवतमाळच्या रुग्णासाठी मोठी अडचण वेगळीच आहे. असे कक्ष मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांतच असतात आणि सहा ते आठ आठवडे तिथे राहावे लागते. उमरखेड किंवा झरी जामणीहून हे रोजच्या एसटीने होणारे काम नाही.

रेडिएशन पूर्ण झाल्यावर रुग्णालय एक कागद देते. त्यावर बाहेरून आणि आतून किती ग्रे दिले, किती वेळा आणि कोणत्या तारखांना, हे लिहिलेले असते. पाच-सात वर्षांनी लघवी लाल झाली, की मूत्रविकार तज्ज्ञ पहिला तोच कागद मागतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवायला काही खर्च येत नाही.