पुठ्ठ्याचा मुकुट



परवा अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या मागत फिरतात. "मावशी, एका संध्याकाळचा पोशाख आणि केवढा महाग! घरी करते म्हटलं तर लेक रडतो, सगळे हसतील म्हणतो." मी म्हटलं, बाई गं, हे रडणं मी रडलेय.

मी चौथीत असताना शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. मला राजा व्हायचं होतं. आईने बिस्किटांच्या खोक्याचा मुकुट कापला, चहाच्या पुड्याची चांदी लेईने चिकटवली, आपल्या जुन्या सुती साडीचं धोतर नेसवलं. बाकीच्या मुली भाड्याच्या झगमगीत कपड्यांत आल्या होत्या. मी पोटात दुखतंय म्हणाले आणि घरी परतले.

त्याच वर्षी गावच्या जत्रेत बाबा दशावतार बघायला घेऊन गेले. सूर्यास्ताआधी जेवणं उरकून निघालो, खेळ मध्यरात्री सुरू व्हायचा. एक दशावतारी काका आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक, म्हणून पडद्यामागे जायला मिळालं. गॅसबत्तीच्या उजेडात, हातात छोटा आरसा धरून ते स्वतःच तोंड रंगवत होते. मग पेटाऱ्यातून राजाचा मुकुट निघाला. पुठ्ठ्याचा! वर चमकी आणि काचेचे मणी, मागे सुतळी. माझं तोंड बघून काका हसले. "गो चेडवा, आधी राजासारख्या चाल. मगे मुकुट कोण बघता?"

बाहेर एकच लाकडी बाकडं होतं. तेच सिंहासन झालं, तेच डोंगर झालं. कुणी हसलं नाही.

ही रीत आजची नव्हे. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे, आणि त्यातल्या सुंदर स्त्रिया म्हणजे पुरुषच, हेही सांगितलं आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ साली, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जात. तेव्हा सामान हलकं हवं, मोडलं तर वाटेत आपल्या हाताने नीट करता यायला हवं. पुठ्ठा, चमकी आणि सुतळी यांची सोय अशी आहे.

हॅलोविनचीही कथा फार वेगळी नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडची मुलं जुने कपडे चढवून, तोंडाला काजळी फासून दारोदार जात. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं अमेरिकेत गेली, त्यांच्याबरोबर सणही गेला. दुकानातले तयार पोशाख पुढे विसाव्या शतकात आले. म्हणजे भाचीने घरी केलेलं सोंग तिथल्याही जुन्या रीतीलाच धरून होईल.

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. गॅदरिंगला उपयोगी पडेल. कापायचं काम आपण करावं, चिकटवायचं मुलांवर सोडावं. लेई कणकेची, शिजवून गार केलेली. दाढीला कापूस, मिशीला काजळ. रेशीम नको, कातडं नको, जुनी सुती साडी पुरते. मोरपीस हवंच असेल तर गळून पडलेलं शोधावं, नाहीतर कागदाचं रंगवावं. आणि सगळं झालं की मुलाला दोन दिवस घरात राजासारखं चालू द्यावं. हे विसरू नका. माझ्या वेळी तेवढंच राहून गेलं होतं.

गेल्या क्षमावाणीला आईकडे त्या पोटदुखीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. मुकुट वाया नाही गेला. तुझ्या भावाने पुढे दोन वर्षं घातला."