‘योन’ शब्दाची साक्ष

ग्रीक लोक स्वतःस ‘हेलेन’ म्हणवीत. ‘ग्रीक’ हे नाव रोमनांच्या लॅटिन भाषेतून जगभर गेले. भारतास मात्र ते आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या प्रदेशाच्या नावाने परिचित झाले. प्राचीन इराणी भाषेत ‘यौन’, पालीत ‘योन’ व ‘योनक’, संस्कृतात ‘यवन’. शब्द एकच, परंतु त्यास कोणी कोणता अर्थ दिला, हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात वर्णश्रेष्ठतेचा दावा घेऊन आलेल्या ब्राह्मण तरुणापुढे भगवान बुद्ध योन व कंबोज या देशांचे उदाहरण ठेवतात. तेथे आर्य व दास असे दोनच वर्ण असून आर्य दास होऊ शकतो व दास आर्य. अस्सलायनास ते मान्य करावे लागते. चातुर्वर्ण्य हा सृष्टिनियम नव्हे, याचा पुरावा म्हणून येथे ‘योन’ शब्द उभा आहे. सम्राट अशोकानेही तेराव्या शिलालेखात नमूद केले आहे की, ब्राह्मण व श्रमण नाहीत असा देश योनांचाच.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हेच यवन मूळचे क्षत्रिय ठरतात आणि संस्कार सोडल्यामुळे व ब्राह्मणांच्या अभावी शूद्रत्वास पोचलेले म्हणून दाखविले जातात. ज्यांस वर्णच नव्हता, त्यांस आधी वर्ण चिकटवावयाचा व मग त्यातून खाली ढकलावयाचे! पुढे बखरींत ‘यवन’ म्हणजे मुसलमान झाला आणि ग्रीक हा अर्थ विस्मरणात गेला.

लेण्यांत तो अद्याप कोरलेला आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांचे दान आहेत; जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. यांतील कित्येकांची नावे भारतीय असल्याने ते वंशाने ग्रीक होते काय, याविषयी विद्वानांत वाद आहे. आमच्या मते, संघाच्या लेण्यात ‘यवन’ ही ओळख कोणास लपवावी लागली नाही, हे त्या वादाहून मोठे आहे.

नाशिकच्या सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा दत्तामित्रीचा, उत्तरेकडील योनक. सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने हे लेणे कोरविले आणि दानात पुत्रासही सहभागी केले. त्या पुत्राचे नाव धम्मरक्खित. तिसऱ्या संगीतीनंतर अपरांतात धम्म घेऊन आलेल्या योन थेरांचे नावही महावंसात हेच आहे.